चित्रफाइलीचे रूपांतर : इयत्ता ७ वीसाठी एक पाठ

उद्देश : (१) चित्रफाइलीचा प्रकार म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे. (२) ब्राउझरमध्ये एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात रूपांतर कसे घडते, ह्याची कल्पना देणे. (३) रूपांतरात काय गमावते व चित्र कोणाच्या हाती जाते, ह्याचा विचार करण्याची सवय लावणे.

साहित्य : शाळेतील संगणक, रंगचित्रे काढण्याचा साधा प्रोग्रॅम, एक छायाचित्र, व गावाचा नावे घातलेला नकाशा.

पूर्वतयारी : शाळेच्या कामात चित्राचा प्रकार बदलण्याचा प्रसंग वारंवार येतो. अर्ज भरताना जेपीजी फाइल मागितली जाते आणि हाती असते ती पीएनजी. काही फोन छायाचित्रे एचईआयसी प्रकारात साठवितात व ती सर्व ब्राउझरांस उघडता येत नाहीत. अशा वेळी पुष्कळ जण फाइलच्या नावाचे शेवटचे अक्षरगट खोडून दुसरे लिहितात. शिक्षकाने पाठाचा प्रारंभ येथूनच करावा.

प्रयोग पहिला : एका जेपीजी छायाचित्राची नक्कल करून तिच्या नावाच्या शेवटी ‘पीएनजी’ची अक्षरे लिहावीत व ती ब्राउझरमध्ये उघडावी. चित्र पूर्वीप्रमाणेच दिसेल. ज्वारीच्या कणगीवर गव्हाची चिठ्ठी लावल्याने ज्वारीचा गहू होत नाही, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. ब्राउझर चित्र उघडताना फाइलचे आरंभीचे बाइट तपासतो. जेपीजी फाइलचे पहिले दोन बाइट २५५ व २१६ असतात. पीएनजी फाइलच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या बाइटात पी, एन, जी हीच इंग्रजी अक्षरे असतात. अर्ज स्वीकारणारा संगणकही अशी तपासणी करीत असल्यास केवळ नाव बदललेली फाइल परत येते.

प्रकारांची ओळख : जीआयएफ हा प्रकार १९८७ साली आला, त्याच्या एका चित्रात २५६ रंगच मावतात. जेपीजीचे प्रमाण १९९२ साली ठरले. त्यात चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून, डोळ्यांस सहसा न जाणवणारा बारीक तपशील वगळण्यात येतो. म्हणून फाइल लहान होते. पीएनजी १९९६ सालचा. त्यात काहीही वगळले जात नाही, व पारदर्शक भागही राखता येतो. वेबपी हा प्रकार गूगलने २०१० साली पुढे आणला. तो वगळून अथवा न वगळता, दोन्ही रीतींनी साठविता येतो.

ब्राउझरमधील क्रिया : रूपांतराच्या तीन पायऱ्या फळ्यावर लिहाव्यात. प्रथम ब्राउझर फाइल उलगडून प्रत्येक पिक्सेलचा रंग काढतो. नंतर ते पिक्सेल कॅनव्हास नावाच्या अदृश्य पाटीवर मांडतो. अखेरीस पाटीवरील चित्र नव्या प्रकारात लिहून काढतो. ४००० × ३००० पिक्सेलांच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. पाटीवर प्रत्येकास ४ बाइट लागतात, म्हणजे एकूण ४ कोटी ८० लाख बाइट. जुन्या यंत्रावर मोठी चित्रे रूपांतरित होताना अडतात, त्याचे कारण हेच. हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा.

येथे तीन गोष्टी सांगाव्यात. जेपीजीस पारदर्शकता ठाऊक नाही; म्हणून पाटीवर आधी पांढरा रंग न दिल्यास पारदर्शक भाग काळा उमटतो. पाटीवर केवळ रंग येतात. छायाचित्रासोबत साठविलेली तारीख व स्थळ नव्या फाइलीत उतरत नाहीत. आणि मागितलेला प्रकार ब्राउझरला लिहिता येत नसेल, तर तो न सांगता पीएनजीच देतो. म्हणून हाती आलेली फाइल तपासून घ्यावी.

प्रयोग दुसरा : गावाचा नकाशा पीएनजीत साठवावा. त्याची जेपीजी प्रत कमी गुणवत्तेवर करून दोन्ही मोठ्या करून पाहाव्यात. जेपीजीत अक्षरांभोवती धुरकट ठिपके आढळतील. आता त्या जेपीजीचे पुन्हा पीएनजी करावे. ठिपके तसेच राहतील. फाइल मात्र बहुधा वाढेल. दळलेल्या पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत, तद्वत एकदा वगळलेला तपशील रूपांतराने परत येत नाही. सबब मूळ फाइल नेहमी जपून ठेवावी आणि प्रत्येक नवे रूपांतर मूळ फाइलीवरूनच करावे. नकाशा, आकृती व अक्षरे ह्यांस पीएनजी आणि छायाचित्रास जेपीजी वा वेबपी योग्य होय.

विशेष दक्षता : रूपांतर करून देणारी संकेतस्थळे दोन प्रकारची असतात. काही ठिकाणी सर्व क्रिया आपल्याच यंत्रात होते. काही ठिकाणी चित्र दूरच्या संगणकावर पाठवून तेथे बदलले जाते. वरून दोन्ही सारखीच दिसतात. गावाच्या नकाशाबाबत ह्याने फारसे बिघडत नाही. परंतु विद्यार्थ्याचे छायाचित्र, आधारपत्र किंवा जन्मदाखला अनोळखी हाती गेल्यास तो परत मागविता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पालकांनी छायाचित्र शाळेच्या विश्वासावर दिलेले असते, हे शिक्षकानेही विसरू नये.

ह्याची परीक्षा सोपी आहे. पृष्ठ उघडल्यावर इंटरनेट बंद करावे आणि गावाचा नकाशा रूपांतरित करून पाहावा. काम झाले, तर क्रिया यंत्रातच घडते. अडले, तर चित्र बाहेर जाणार होते असे समजावे. महत्त्वाच्या कागदांसाठी इंटरनेट बंद ठेवूनच काम पुरे करावे व पृष्ठ मिटल्यानंतरच ते पुन्हा सुरू करावे. संगणकातील रंगचित्रांच्या प्रोग्रॅममधूनही दुसऱ्या प्रकारात साठविता येते. ते शक्य असेल तेथे संकेतस्थळाची गरजच उरत नाही.

स्वाध्याय :
१. फाइलचे नाव बदलल्याने तिचा प्रकार का बदलत नाही?
२. २००० × १५०० पिक्सेलांच्या चित्रास कॅनव्हासवर किती बाइट लागतील?
३. जेपीजीचे पीएनजी केल्याने चित्र सुधारते काय? प्रयोगाच्या आधारे उत्तर लिहा.
४. एका मित्रास आपला जन्मदाखला जेपीजीत हवा आहे. त्याने कोणती दक्षता घ्यावी, ते पाच ओळींत लिहा.