बाजारपेठेची आखणी आणि पादचारी

दोन शेजारच्या गल्ल्या. दुकाने सारखीच, मालही सारखाच. तरीही एकीत पाय ठेवावयास जागा नसते आणि दुसरीत दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेला असतो. याला दैव म्हणून सोडून देता येत नाही. रस्त्यांची आखणी हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील बिल हिलियर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी केली. जो रस्ता फारशी वळणे न घेता अनेक रस्त्यांशी जोडलेला असतो, त्यावरून इतरत्र जाणारी माणसेही जातात. ही वर्दळ पाहून तेथे दुकाने येतात आणि दुकानांमुळे वर्दळ आणखी वाढते. म्हणजे आधी वाट, मग बाजार. त्यापूर्वी १९६१ मध्ये जेन जेकब्ज यांनीही आडव्या गल्ल्या जवळजवळ असाव्यात, म्हणजे पादचाऱ्याला अनेक वाटा मिळतात, असे प्रतिपादन केले होते.

पुण्याच्या मध्यवर्ती पेठांत याचा प्रत्यय येतो. लक्ष्मी रस्ता पूर्व-पश्चिम जातो. बाजीराव व शिवाजी हे रस्ते त्याला दक्षिणोत्तर छेदतात. या दोहोंच्या मधोमध तुळशीबाग आणि तिच्या दक्षिणेस १८८६ मध्ये सुरू झालेली मंडई आहे. लक्ष्मी रस्त्यावर कापड घेऊन मंडईकडे निघालेली गृहिणी तुळशीबागेच्या बोळांतून जाते आणि जाता जाता चार वस्तू घेते. बोळ अरुंद असले तरी ते कोठेतरी बाहेर पडतात; हेच त्यांचे बळ होय. २०२४ मध्ये मंडईजवळ भुयारी मेट्रोचे स्थानक सुरू झाल्यामुळे या वाटांना आणखी एक उगम लाभला आहे.

यातून स्थानिक संस्थांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. आडबाजूस, बंद बोळाच्या टोकाशी बांधलेले गाळे स्वस्त भाड्यानेही ओस पडण्याचा धोका असतो. तेथे हलविलेल्या फेरीवाल्याची तर रोजची मिळकतच बुडते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने परंपरेने भरणाऱ्या ‘नैसर्गिक बाजारा’ची दखल घेतली आहे, ती याच दृष्टीने समजून घ्यावी.

म्हणून जागा ठरविण्यापूर्वी एक साधी पाहणी अवश्य करावी. एक कामाचा व एक बाजाराचा दिवस निवडून, सकाळी आणि सायंकाळी प्रत्येक वाटेच्या तोंडाशी दहा मिनिटे उभे राहून जाणारी-येणारी माणसे मोजावीत. शाळेतील विद्यार्थीही हे काम उत्तम करू शकतील. ग्रामपंचायतीने आठवडा बाजारासाठी एस. टी. स्थानक व गावाची मुख्य आळी यांमधील जागा प्रथम तपासावी.

नकाशावरील रेघ कागदावर सहज ओढली जाते. परंतु तिच्यावर अनेक कुटुंबांची चूल अवलंबून असते, याचे भान नियोजनकर्त्यांनी ठेवणे अगत्याचे आहे.