निवळ सरोवर आणि शिशाची गोळी

गळाने मासे धरणे ही कला आपणांस अपरिचित नाही. नदीच्या डोहाकाठी काठी, दोरी आणि गळ घेऊन तासन् तास निश्चल बसलेला माणूस कोणी पाहिला नाही? कोकणात या गळालाच गरी म्हणतात. परंतु पाणी अगदी निवळ असले म्हणजे ही कला किती सूक्ष्म होते, आणि त्या सूक्ष्मतेच्या पोटीही केवढा अनर्थ दडलेला असू शकतो, हे आज आपण एका दूरच्या सरोवराच्या उदाहरणाने पाहू.

अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यू हॅम्पशायर नावाचे राज्य आहे. तेथील विनिपसॉकी सरोवर सुमारे १८० चौरस किलोमीटर पसरलेले असून त्यात अडीचशेहून अधिक लहानमोठी बेटे आहेत. हिवाळ्यात त्यावर बर्फाचा थर साचतो. तो बहुधा एप्रिलमध्ये वितळतो. या सरोवराच्या खडकाळ तळाशी स्मॉलमाउथ बॅस, म्हणजे लहान तोंडाचा बॅस, हा मासा राहतो. तो मूळचा येथील नव्हे. एकोणिसाव्या शतकात माणसांनी तो या राज्यात आणून सोडला. दगडांच्या फटींत लपणारा क्रेफिश नावाचा, शेवंडासारखा दिसणारा लहान प्राणी हे त्याचे आवडते खाद्य होय.

या खाद्याचेच सोंग म्हणून जे आमिष वापरतात त्याला जिग म्हणतात. गळाच्या डोक्याशी धातूची गोळी ओतलेली असते, तिच्याभोवती बारीक रबरी तंतूंची झालर असते आणि मागे मऊ शेपटी जोडलेली असते. गढूळ पाण्यात मोठे, भडक आमिष चालते. कारण तेथे माशाला ते निरखण्यास अवसर मिळत नाही. निवळ पाण्यात मात्र बॅस ते दुरून पाहतो आणि जवळ येऊन पारखतो. म्हणून येथे जिग लहान, अवघी ५ ते १० ग्रॅम वजनाची, आणि रंगाने तपकिरी वा शेवाळी ठेवतात. ती तळाला टेकू देतात आणि मग हळूहळू, थांबत थांबत दगडांवरून ओढतात. बॅस ती तोंडात ओढतो आणि फसवणूक कळताच थुंकून टाकतो. तेवढ्या क्षणात दोरीला जो सूक्ष्म हिसका बसतो, तो हाताला कळला पाहिजे.

दोरीच्या निवडीतही प्रकाशशास्त्र आहे. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ आहे. फ्लुओरोकार्बनच्या दोरीचा तो सुमारे १.४२, म्हणजे नायलॉनच्या मानाने पाण्याला अधिक जवळचा, म्हणून ती पाण्यात कमी दिसते. शिवाय पाण्याबाहेरचे सारे जग माशाला डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसते. जो कोळी खाली वाकून, दूर राहून गळ टाकतो, तो या शंकूच्या कडेलाच राहतो आणि माशाच्या नजरेत सहसा भरत नाही.

येथवर सारे कौतुकाचेच झाले. परंतु जिगची गोळी परंपरेने शिशाची असते, आणि याच सरोवरात लून नावाचा पाणबुडा पक्षी नांदतो. दात नसलेल्या त्याच्या चोचीला अन्न चावता येत नाही. म्हणून तो लहान खडे गिळतो व पोटातील पेषणीत त्यांच्या साह्याने अन्न दळतो. खडा समजून तो तळाशी पडलेली शिशाची गोळी उचलतो, किंवा तोंडात जिग अडकलेला मासाच गिळतो. पेषणीत गोळी घासली जाते, तेथील आम्लात शिसे विरघळते आणि रक्तात भिनते. असा पक्षी बहुधा काही आठवड्यांतच मरतो. त्याला एक गोळी पुरते. लून सुमारे सहा वर्षांचा झाल्यावर प्रथम घरटे करतो आणि मादी बहुधा दोनच अंडी घालते. म्हणून एका प्रौढ पक्ष्याची हानी लवकर भरून निघत नाही.

न्यू हॅम्पशायरमध्ये लूनच्या रक्षणासाठी १९७५ मध्ये एक समिती स्थापन झाली. मेलेले पक्षी तपासता शिसे हेच प्रौढ लूनच्या मृत्यूचे सर्वांत मोठे ज्ञात कारण ठरले. पुढे कायदे होत गेले आणि २०१६ पासून एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, किंवा त्याहून हलक्या शिशाच्या जिगच्या विक्रीस व गोड्या पाण्यातील वापरास तेथे बंदी झाली. आमच्या कुशल कोळ्याची नाजूक जिग नेमकी याच मापात बसते, हे ध्यानात घ्यावे. लहान, म्हणून निरुपद्रवी, हे अनुमान चुकीचे ठरले.

मग कला सोडावी काय? तसे नाही. टंगस्टन या धातूची घनता दर घनसेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, तर शिशाची ११.३ ग्रॅम. म्हणजे समान वजनाची टंगस्टनची गोळी शिशाच्या गोळीच्या सुमारे तीन पंचमांश आकारमानाची होते. निवळ पाण्यात लहान आमिषच हवे असल्याने ही अडचण नसून सोयच झाली. किंमत मात्र अधिक पडते.

आपल्याकडेही गळाच्या दोरीला शिशाची गोळी बांधण्याची रीत आहे. दोरी तुटली की आपण मासा गेला म्हणून हळहळतो. परंतु तळाशी राहिलेल्या गोळीचा हिशेब कोणी ठेवत नाही. पाणी कितीही निवळ असले, तरी तो हिशेब डोळ्यांना आपोआप दिसत नाही. तो आपणच ठेवावा लागतो.