एक नोंद, तीन वह्या

गोंदियाच्या तांदळाच्या घाऊक दुकानात गोदाम, बिल आणि उधारी अशा तीन वह्या चालतात. एका वहीत नोंद राहिली की माल आणि पैशाचा मेळ बसत नाही. ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये बिल एकदाच बनवायचे. साठ्यातून कट्टे वजा होतात आणि गिऱ्हाइकाच्या खात्यावर रक्कम आपोआप चढते. लहान व्यापाऱ्यास टॅलीसारखे सॉफ्टवेअरही पुरते.

सुरुवातीला तीन कामे करावीत. पहिले, गोदाम प्रत्यक्ष मोजावे. आरंभीचा साठा चुकला तर पुढचे सर्वच चुकते. दुसरे, लेबल लावलेली २५ किलोची पिशवी आणि ५० किलोचा कट्टा वेगळ्या नावाने नोंदवावा. जुलै २०२२ च्या नियमाने पहिलीवर ५ टक्के जीएसटी लागला, दुसऱ्यावर नाही. तिसरे, प्रत्येक उधारीस मुदतीची तारीख घालावी. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच.

जकातीसही हाच हिशेब लागतो. विक्रीच्या मालाची बाजारभावाने किंमत, रोकड आणि वसूल होणारे येणे यांतून देणे वजा करून अडीच टक्के काढतात. साठा अंदाजाने धरला तर गरिबाचा हक्क आपल्याच गोदामात पडून राहतो.