दोन दातांमधली जागा

हिरड्यांचा आजार बहुधा दुखत नाही, म्हणूनच तो घरोघरी दुर्लक्षिला जातो. दाढ ठणकली की माणूस रात्री उठून लवंग शोधतो. हिरडीतून रक्त आलं तर चूळ भरून कामाला लागतो. आईच्या हिरड्यांचं दुखणं आणि त्यानंतर स्वतःच्या दातांची घेतलेली काळजी यांतून जे शिकले, ते सांगते.

१. ब्रश दाताच्या पुढच्या, मागच्या आणि चावायच्या बाजूंवर फिरतो. दोन दात एकमेकांना भिडतात तिथे त्याचे केस शिरत नाहीत. जंतूंचा चिकट थर नेमका तिथेच साचतो आणि हिरडीची सूज बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. जोर लावून घासल्याने ही जागा साफ होत नाही, उलट हिरडी मात्र मागे सरते.

२. रक्त येतं म्हणून तिथे हात लावायचा नाही, हा सल्ला आईला नात्यातल्या प्रत्येक बाईने दिला. खरं तर रक्त येतं तिथेच सफाईची जास्त गरज असते. १९६५ साली हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. मीही फ्लॉस, म्हणजे दातांमधल्या फटी दोऱ्याने साफ करणं, सुरू केलं तेव्हा पहिले काही दिवस दोरा लालसर निघायचा. नंतर तो स्वच्छ निघू लागला. दोन आठवडे नीट सफाई करूनही रक्त थांबलं नाही, तर मात्र दंतवैद्याला दाखवायलाच हवं.

३. दोरा नुसता फटीत घालून काढणं म्हणजे फ्लॉस करणं नव्हे. हातभर दोरा घ्यावा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा आणि हलकेच पुढेमागे करत आत सरकवावा. खटकन दाबला तर हिरडी कापते. आत गेल्यावर तो एका दाताला कवेत घेईल असा वळवून हिरडीच्या किंचित खालपासून वर घासत आणायचा. मग तसंच शेजारच्या दाताला. दर फटीसाठी दोऱ्याचा नवा भाग घ्यायचा. सगळ्यात मागच्या दाढेची मागची बाजूही सोडायची नाही. हे रात्री झोपण्यापूर्वी, दिवसातून एकदा केलं तरी पुरतं.

४. २०१६ मध्ये अमेरिकेत फ्लॉसचा पुरावा दुबळा असल्याच्या बातम्या गाजल्या आणि पुष्कळांनी दोरा टाकून दिला. मला ते घाईचं वाटतं. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात ३५ चाचण्या तपासल्या होत्या. ब्रशच्या जोडीला फ्लॉस वापरल्यास हिरड्यांची सूज थोडी कमी होत असावी, असा त्याचा कौल आहे. मात्र पुरावा कमी खात्रीचा आहे आणि बहुतेक चाचण्या अल्पकाळाच्या होत्या. हाडापर्यंत जाणारा आजार फ्लॉसमुळे टळतोच, असं त्यावरून म्हणता येत नाही. पण त्या आजाराची सुरुवात सुजेपासूनच होते. एवढ्या स्वस्त उपायासाठी मला हे कारण पुरेसं आहे.

५. फट रुंद असेल तर दोऱ्यापेक्षा दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश बरा. आईच्या हिरड्या खाली गेल्या होत्या, दोरा तिथे नुसताच फिरायचा. डॉक्टरांनी फटीच्या मापाचे ब्रश निवडून दिले. थरथरत्या हातांनाही ते जमले.

६. फटीत घालायला टाचणी, काडेपेटीची काडी, शिवणाचा दोरा यांतलं काहीही नको.

७. मशेरी आणि तंबाखू हिरड्यांचे वैरी आहेत. आमच्या गावाकडे मशेरीने दात बळकट होतात असं बायका आजही मानतात. सिगारेट-विडी ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून तर रक्तही कमी येतं, त्यामुळे आजार आतल्या आत वाढतो आणि कळत नाही. मधुमेहाचंही हिरड्यांशी दुहेरी नातं आहे: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं कठीण होतं. आईच्या साखरेच्या तपासणीइतकीच तिच्या हिरड्यांची तपासणी मला महत्त्वाची वाटते.

८. थर कडक होऊन त्याचं कीटण झालं की ते ब्रशनेही निघत नाही, फ्लॉसनेही नाही. ते दवाखान्यातच काढून घ्यावं लागतं. कीटण काढल्याने दात सैल होतात ही भीती खोटी आहे. कीटण निघाल्यावर आधीच झिजलेल्या हाडावरचे दात हलताना जाणवतात, इतकंच. गेलेलं हाड साध्या सफाईने परत येत नाही.

पुढच्या खेपेला दंतवैद्याकडे गेलात की हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मोजून घ्या. तीन मिलिमीटरपर्यंत असेल तर ठीक. चार किंवा त्याहून जास्त असेल तर उपचार कोणते, ते त्याच भेटीत विचारा.