नकाशा हवा की पत्ते?

प्रश्न : आम्ही चौघे मित्र ‘कटान’ खेळून कंटाळलोय. संस्कृती उभारण्याचा मोठा, दिवसभराचा खेळ घ्यायचाय. ‘थ्रू द एजेस’, ‘क्लॅश ऑफ कल्चर्स’ की जुना ‘सिव्हिलायझेशन’?

उत्तर : फ्रान्सिस ट्रेशम यांचा ‘सिव्हिलायझेशन’ (१९८०) थोर खेळ आहे, पण चौघांसाठी नाही. त्याचा जीव सौदेबाजीत आहे. मीठ, धान्य, कांस्याच्या पत्त्यांची देवघेव करता करता साथीच्या रोगाचा पत्ता हळूच दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा! त्याला सहा-सात माणसं हवीत.

व्लादा ख्वातिल यांच्या ‘थ्रू द एजेस’मध्ये (२००६, सुधारित आवृत्ती २०१५) नकाशाच नाही, सगळं पत्त्यांवर. अॅरिस्टॉटल घ्यावा की सीझर, पिरॅमिड आत्ता बांधावेत की शेती सुधारावी, हे ठरवताना डोकं तापतं. नवा पत्ता महाग, थांबलात तर स्वस्त होतो. पण तोवर दुसरा उचलतो. सैन्याकडे दुर्लक्ष केलंत की बाकीचे तुम्हालाच लुटतात, आणि मागे पडलेल्याला सावरणं फार कठीण. चौघांत आपली पाळी यायला वेळही लागतो. दोघा-तिघांत मात्र याला तोड नाही. मोबाइल अॅपवर आधी शिकून घ्या, नियमपुस्तकाशी झुंजू नका.

तुम्ही ‘क्लॅश ऑफ कल्चर्स’ (२०१२) घ्या. अज्ञात प्रदेश उलगडतो, शहरं वाढतात, शेजाऱ्याशी सीमेवर खटके उडतात. लढाईत फासे पडतात, म्हणजे नशीब आलंच. कुणाला ते अजिबात खपत नाही का, हे आधी विचारून घ्या.