गोठणारा धातू आणि संगणक

साच्यात ओतलेला शुद्ध ॲल्युमिनिअमचा रस ६६० अंश सेल्सिअसला गोठू लागतो. उष्णता बाहेर जात असूनही त्याचे तापमान काही काळ उतरत नाही. कारण गोठताना किलोमागे सुमारे ३९७ किलोज्यूल सुप्त उष्णता मोकळी होते. त्यामुळे फूर्ये यांनी १८२२ साली ग्रंथरूपाने मांडलेले उष्णतावहनाचे समीकरण येथे एकटे पुरे पडत नाही. संगणकात धातूचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाची उष्णतेची देवघेव क्षणाक्षणाला मोजतात. सुप्त उष्णता पुरती निघेपर्यंत त्या तुकड्याचे तापमान ६६० वरच धरतात. हे वगळल्यास आत रस असतानाच धातू घट्ट झाला, असे चुकीचे उत्तर येईल. शेवटी गोठणारा भाग आकसताना त्याला नवा रस मिळाला नाही, तर तेथे पोकळी राहते व वस्तू तेथेच मोडू शकते. ती जागा रस ओतण्यापूर्वीच कळावी, यातच या गणिताचे मोल आहे.