युरोपातील रेल्वेप्रवास : पास की तिकीट?

(द्वितीय वर्ष, कला)

मी युरोप पाहिलेला नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. रोज एस.टी.च्या मासिक पासावर ये-जा करतो. पास काढण्यापूर्वी महिन्यातल्या सुट्ट्या मोजाव्यात, हे आईने शिकविले. तोच हिशेब युरोपच्या रेल्वेला लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांसाठी १९५९ साली ‘युरेल’ पास सुरू झाला. युरोपातील तरुणांसाठी १९७२ साली ‘इंटररेल’ आला. त्या वेळी वयाची मर्यादा २१ वर्षे होती. आज दोन्ही पास सर्व वयांसाठी असून ३३ देशांत चालतात. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना सवलत मिळते. भारतात राहणाऱ्याने युरेल घ्यावयाचा. तिकडे शिकावयास गेलेल्या व तेथील वास्तव्याचा पुरावा असलेल्या विद्यार्थ्यास इंटररेल मिळतो.

पासाचे मुख्य प्रकार दोन. एक सलग मुदतीचा. दुसऱ्यात महिन्या-दोन महिन्यांच्या मुदतीत ठरावीक दिवस प्रवास करता येतो. उदाहरणार्थ, एका महिन्यात ४ दिवस. प्रवासाच्या दिवशी कितीही गाड्या बदलाव्यात. रात्रीच्या गाडीने निघून मध्यरात्रीनंतर गाडी बदलली नाही, तर निघण्याचा एकच दिवस खर्ची पडतो.

आता एक उदाहरण घेऊ. पॅरिसहून कोलोन, तेथून बर्लिन, मग प्राग व शेवटी व्हिएन्ना असे ४ टप्पे, ४ दिवसांत करावयाचे आहेत. समजा, पासाला २८० युरो पडले. म्हणजे दिवसाला ७० युरो. हीच चार तिकिटे दोन-तीन महिने आधी काढून १८० युरोंत मिळाली, तर पास महागच पडला. शिवाय पॅरिस–कोलोन मार्गावरील ‘युरोस्टार’ गाडीत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. फ्रान्स, स्पेन व इटलीतील अतिवेगवान गाड्यांचेही तसेच. जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत मात्र बहुतेक दिवसाच्या गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही.

मग पास कोणी घ्यावा? ज्याचा बेत पक्का नाही, त्याने. स्वस्त तिकीट बहुधा त्याच गाडीशी बांधलेले असते. प्रवाशाच्या चुकीने गाडी गेली की पैसेही गेले. पासधारक मात्र, आरक्षणाची सक्ती नसलेल्या मार्गावर, पुढच्या गाडीत बसू शकतो. एकाच देशात फिरणाऱ्याने तेथील योजना आधी पाहाव्यात. जर्मनीत मे २०२३ पासून ‘डॉइचलँड तिकीट’ हा मासिक पास आहे. तो देशभरच्या स्थानिक व प्रादेशिक गाड्यांत चालतो, अतिवेगवान गाड्यांत नाही. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून दुसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास सर्वांना मोफत आहे.

या अभ्यासातून एक गोष्ट मनाला लागली. स्वस्त तिकीट गरजवंताला मिळते असे नाही. ज्याला आधी माहीत असते, त्याला मिळते. उशिरा कळलेला माणूस त्याच डब्यात, तशाच बाकावर जास्त पैसे देऊन बसतो. ज्यांच्या घरी असे सांगणारे कोणी नाही, अशा माझ्यासारख्यांनी म्हणूनच नियम आधी वाचावेत. युरोपला जाणे होवो वा न होवो, वेळापत्रक वाचावयास मात्र तिकीट लागत नाही.